एकास पस्तीस

‘प्रमाण’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. नकाशाच्या कोपऱ्यात तो मापाचा असतो. न्यायशास्त्रात आणि संशोधनाच्या व्यवहारात तो पुराव्याचा, ज्ञानाच्या साधनाचा असतो. एरवी या दोन घरांचे एकमेकांकडे फारसे जाणे-येणे नसते. युद्धदृश्याची लघुप्रतिकृती करणाऱ्याच्या टेबलावर मात्र ती एका छपराखाली येतात, आणि तेथे त्यांचे नेहमीच पटते असे नाही.

अशा प्रतिकृतीला ‘डायोरामा’ हे नाव रूढ आहे. दागेर आणि बूताँ या दोघांनी जुलै १८२२ मध्ये पॅरिस येथे याच नावाचे दालन उघडले, तेव्हा त्याचा अर्थ निराळा होता. अर्धपारदर्शक कापडावर रंगवलेले प्रचंड दृश्य, त्यावर पुढून आणि मागून खेळवलेला प्रकाश, आणि प्रेक्षकांसकट हळूहळू फिरणारे प्रेक्षागृह असा तो थाट होता. त्या डायोरामापुढे माणूस लहान होता. आजच्या टेबलावरच्या डायोरामापुढे तोच माणूस राक्षसासारखा वाकून उभा राहतो. शब्द तसाच राहिला आणि पाहणाऱ्याचे माप उलटले. मराठीतला ‘देखावा’ हा शब्द त्याच्या जवळचा खरा. परंतु गणेशोत्सवाच्या मांडवाने त्याला एक रोषणाई चिकटवली आहे, आणि वाळवंटातल्या युद्धाला ती सोसवत नाही.

मराठी मुलाला ही कला दिवाळीच्या किल्ल्यातून आधीच भेटलेली असते. दगडविटांचा ढीग, त्यावर पोत्याचे तुकडे, वर चिखलाचा लेप, हळीव-मोहरीची हिरवळ आणि तटावर बाजारातून आणलेले मातीचे मावळे. या किल्ल्यात सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात, गोलंदाज तोफेपेक्षा लहान असतो आणि पायथ्याशी एखादा वाघ हत्तीएवढा बसलेला असतो. त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही. कारण तेथे आकार ठरतो तो मानाने, मापाने नव्हे. प्रमाणबद्ध प्रतिकृतीने हा सगळा मानमरातब एका फटक्यात रद्द केला. एकास पस्तीस या प्रमाणात सेनापती आणि शिपाई दोघेही पाचएक सेंटिमीटरांचे. या अर्थाने ही कला विलक्षण लोकशाहीवादी आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा; कारण पेटीत कोणाची मूर्ती मिळते आणि कोणाची मिळत नाही, हा प्रश्न मापाने सुटत नाही.

खुद्द पस्तीस या आकड्यामागेही कोणते तत्त्व नाही. जपानच्या शिझुओका येथील टामिया या कंपनीने १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत पँथर या जर्मन रणगाड्याची प्लास्टिकची प्रतिकृती काढली. तिच्या पोटात विजेची मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्याच हिशेबाने रणगाड्याचा आकार ठरला, आणि नंतर मोजून पाहता तो मूळच्या सुमारे एकपस्तीसांश भरला. पुढे जगभरच्या प्रतिकृतिकारांनी हेच प्रमाण शिरोधार्य मानले. छंदाचे सगळे शास्त्र अखेर एका बॅटरीवर उभे आहे ही गोष्ट गमतीची वाटेल. परंतु पुष्कळ काव्यप्रकारांतल्या नियमांची जन्मकथा याहून फारशी गंभीर नसावी.

साताऱ्यातील एका निवृत्त चित्रकला-शिक्षकांनी या प्रमाणात एकच डायोरामा करण्यात तीन वर्षे घालवली. विषय : टोब्रुक, जून १९४२. लिबियाच्या किनाऱ्यावरील या बंदराशी साताऱ्याचे नाते काय, असा प्रश्न तेथल्या जुन्या फौजी घरांतून कोणी विचारणार नाही. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, जिला पलटणीच्या बोलीत ‘काळी पाचवी’ म्हणतात, ती त्या जूनमध्ये टोब्रुकच्या आग्नेय कडेवर होती, आणि २० जून १९४२ रोजी रोमेलचा घाव नेमका तेथेच पडला. चित्रकला-शिक्षकांचे चुलत आजोबा त्या पलटणीत शिपाई होते. घरात त्यांना सगळे ‘बापू’ म्हणत. बापू युद्ध संपल्यावर परत आले, शेती केली, म्हातारे होऊन वारले. त्यांच्या युद्धाविषयी घरात एकच वाक्य शिल्लक राहिले : “बापू टोब्रुकला धरला गेला.”

या वाक्याच्या व्याकरणाकडे थोडे थांबून पाहायला हवे. प्रयोग कर्मणी आहे. कोणी धरले, कशामुळे धरले, धरला जाण्यापूर्वी बापूने काय केले, यांतले काहीच त्यात नाही. ‘लढला’ नाही, ‘पडला’ही नाही. ‘धरला गेला’ हे क्रियापद मराठीत चोराचे किंवा जनावराचे असते. बापूंना इटलीत कैदेत ठेवले होते एवढे घरात ठाऊक होते. हिंदी कैद्यांची एक छावणी आव्हेत्सानो येथे होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे ठेवल्यावर काही कैदी निसटले, काहींना जर्मनीत नेण्यात आले. त्याआधी आणि त्यानंतर काहीजण सुभाषबाबूंनी जर्मनीत उभारलेल्या सेनेत गेले, पुष्कळजण गेले नाहीत. यांपैकी बापू कोणत्या वाटेने गेले हे घराने कधी विचारले नाही. विचारले नाही त्यामागे आदर किती आणि संकोच किती, हे सांगणे कठीण आहे. पराभवाला भाषेत जागा मिळण्यासाठी तो फार मोठा असावा लागतो. १७६१ च्या पराभवाने मराठीला बखरी दिल्या, ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार दिला, ‘संक्रांत कोसळणे’ याला एक इतिहास दिला. टोब्रुकने मराठीला काही दिले नाही. तेथील पराभव इंग्रजांच्या साम्राज्याचा होता. त्यात धरली गेलेली माणसे तेवढी आपली होती.

डायोरामाचा आरंभ जमिनीपासून होतो, आणि वाळवंटाच्या डायोरामात तर जमीन हाच मुख्य विषय असतो. नवशिका येथे पहिली चूक करतो ती चित्रपटातले वाळवंट आणण्याची : लाटांसारख्या टेकड्या, सोनेरी वाळू. टोब्रुकभोवतीचे वाळवंट तसे नाही. ते चुनखडीचे सपाट, दगडाळ पठार आहे. वर धुळीचा पातळ थर, मधूनमधून उंटकाट्याची खुरटी झुडपे. रंग सोनेरी तर नाहीच; फिकट, किंचित गुलाबी झाक असलेला, उन्हात विटलेल्या कापडासारखा. चित्रकला-शिक्षकांनी त्यासाठी पिवळी माती, चिमूटभर गेरू आणि पुष्कळशी संगमरवराची भुकटी यांची मिश्रणे करून खिडकीत वाळत ठेवली आणि त्यांतली बहुतेक टाकून दिली.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. वाळवंटाच्या प्रतिकृतीत वाळू वापरता येत नाही. वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरचा धरला तरी एकास पस्तीस या प्रमाणात तो पावणेदोन सेंटिमीटरांचा होतो, म्हणजे सुपारीएवढा खडा. कृष्णेच्या पात्रातली वाळू त्या फळीवर पसरली की ती वाळू राहत नाही, खडी होते. खऱ्या वस्तूने खऱ्या वस्तूची जागा घेऊ नये अशी ही व्यवस्था आहे. शेवटी वाळूच्या जागी आली ती तलम कापडातून चाळलेली रांगोळी. दगडांच्या जागी वाळू आली. झुडपांच्या जागी काथ्याचे धागे आणि केरसुणीच्या काड्यांची टोके आली. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, ते ड्रॉपरने सोडले की धूळ न हलता जागीच धरून राहते. साबणाचा थेंब विसरला तर पाणी वर गोळी होऊन बसते आणि सगळे वाळवंट फाटते. वास्तववादी कादंबरीविषयी जे वाद झाले त्यांत या रांगोळीचे उदाहरण उपयोगी पडले असते. वास्तवाचा तुकडा उचलून जसाच्या तसा कृतीत ठेवला की तो तेथे खोटा ठरतो. आणि ठिपके काढण्याची पूड, जिचा लिबियाशी सुतराम संबंध नाही, ती तेथे खरी ठरते.

फळी होती साठ सेंटिमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद. पस्तीसने गुणले तर एकवीस मीटर आणि पावणेसोळा मीटर. एवढ्या जागेत काय मावते? टोब्रुकभोवतीची तटबंदी इटालियनांनी युद्धाआधी बांधलेली होती. बंदराला कवेत घेणारा तिचा कमानदार वेढा सुमारे ४८ किलोमीटरांचा होता. तिच्यातली ठाणी जमिनीच्या पातळीशी समतल होती : काँक्रीटच्या अरुंद चरांनी जोडलेले गोल खड्डे, वर भिंत नाही, छप्पर नाही. दुरून पाहणाऱ्याला ठाणे दिसतच नसे. पुढे रणगाड्यांना अडवणारा खंदक, काटेरी तारा आणि भूसुरुंग. साठ सेंटिमीटरांत एक अखंड ठाणेसुद्धा बसत नाही. एक गोल खड्डा, चराचा तुकडा आणि पलीकडे खंदकाची एक कड, एवढेच बसते. ठाणे आणि खंदक यांतले खरे अंतर त्यासाठी आवळून घ्यावे लागले; ही तडजोड चित्रकला-शिक्षकांना शेवटपर्यंत सलत राहिली. बाकीची जागा रिकामी. वाळवंटाचे मुख्य लक्षण रिकामेपण आहे, आणि प्रतिकृतिकाराच्या हाताला रिकामेपण सहन होत नाही. अमेरिकन प्रतिकृतिकार शेपर्ड पेन यांचे डायोरामाबांधणीवरील पुस्तक १९८० मध्ये आले. डायोरामा ही गोष्ट सांगण्याची कला आहे, हा विचार त्यांच्यामुळे या क्षेत्रात रुजला. विचार मोलाचा आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की प्रत्येक फळीवर काहीतरी घडू लागले. कुत्रा भुंकतो आहे, सैनिक विनोद करतो आहे, तुटलेल्या भिंतीवर तस्बीर तिरकी लटकते आहे. दिवाळी अंकातल्या कथांना जसा शेवटी कलाटणीचा आजार जडला, तसाच हा प्रकार.

आता इतिहासाकडे वळले पाहिजे, कारण या डायोरामाचा पेच तेथे आहे. १९४१ मध्ये याच तटबंदीने एप्रिलपासून वर्षअखेरीपर्यंत वेढा झेलला होता, आणि टोब्रुक हे नाव चिवटपणाला समानार्थी झाले होते. एका वर्षानंतर तेच ठाणे एका दिवसात कोसळले. मधल्या काळात काय झाले होते? १९४२ च्या आरंभी ब्रिटिश सेनापतींनी असे ठरवले होते, की टोब्रुकमध्ये पुन्हा वेढा सोसायचा नाही. ठरल्यावर तटबंदीची निगा थांबली. खंदक जागोजाग वाऱ्याने आणलेल्या वाळूने भरत गेला. भूसुरुंग मोठ्या संख्येने उकरून पश्चिमेकडच्या गझाला फळीवर नेण्यात आले. मेच्या अखेरीस ती फळी फुटू लागली, आणि जूनच्या मध्यावर असा निर्णय झाला की टोब्रुक राखायचे. मेजर जनरल क्लॉपर यांच्या हाताखालच्या फौजेत अकरावी हिंदी ब्रिगेड होती, आणि ब्रिगेडमध्ये कॅमेरॉन हायलँडर्स, सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण आणि मराठे. २० जूनला पहाटे विमानांचा मारा मराठ्यांच्या मोर्चावर सुरू झाला. मागोमाग तोफखाना, पायदळ, खंदकावर पूल टाकणारे सुरुंगिये आणि रणगाडे. सकाळ संपण्यापूर्वी फळी फुटली होती, संध्याकाळी जर्मन बंदरात होते, आणि २१ जूनला क्लॉपरने शरणागती दिली. सुमारे ३३ हजार माणसे कैद झाली. दुसऱ्या दिवशी रोमेल फील्डमार्शल झाला.

या लढाईच्या इंग्रजी वृत्तांतांत मराठ्यांचे नाव येते. पण ते बहुधा खिंडाराचा पत्ता म्हणून. कॅमेरॉन हायलँडर्स शरणागतीनंतरही लढत राहिले, ही गोष्ट सांगण्याजोगी असल्याने सांगितली जाते. मराठ्यांच्या मोर्चावर फळी फुटली, एवढे एक वाक्य आणि मग कथन रणगाड्यांबरोबर पुढे बंदराकडे जाते. वाक्य खोटे नाही. परंतु त्या वाक्याच्या पोटात महिनोन्महिने साचलेली वाळू आणि नेलेले सुरुंग आहेत, ते वाचणाऱ्याला दिसत नाहीत. चित्रकला-शिक्षकांना डायोरामात दाखवायचे होते ते हेच. बापूंचे शौर्य दाखवायचे नव्हते. त्याविषयी घरात ना शब्द होता ना चिठ्ठी. शिपायांच्या पायाखालची जमीन आधीच पोखरलेली होती, एवढेच ‘धरला गेला’ या वाक्यापुढे मांडायचे होते.

खंदक दाखवणे सोपे होते. थर्माकोलच्या थरांत तो खोल कोरला, प्लास्टरने लिंपला आणि मग रांगोळीने अर्ध्याहून अधिक भरून टाकला. खोल कोरून मग भरण्याचे श्रम कशाला, आधीच उथळ कोरला असता तर चालले नसते का, असे कोणी विचारले. भरलेला खंदक आणि उथळ खंदक यांच्या कडा वेगळ्या दिसतात, हे त्यावरचे उत्तर. आणि ते खरेच दिसते.

सुरुंगांचे मात्र अवघड झाले. सुरुंग असला तरी दिसत नाही, कारण तो पुरलेला असतो. आणि नसला तरी दिसत नाही. सुरुंग पेरलेली जमीन आणि न पेरलेली जमीन यांची प्रतिकृती अगदी एकसारखी होते. पराभवाचे सर्वांत मोठे कारण आणि डायोरामात त्याला रूपच नाही! एक उपाय होता. सुरुंग उकरून नेले त्या जागी उथळ खळगे राहिले असतील, वाऱ्याने अर्धवट बुजलेले, ओळीने. चित्रकला-शिक्षकांनी तसे अकरा खळगे केले. जो पाही त्याला ते ताबडतोब कळे : येथून काहीतरी काढून नेले आहे. डायोरामातले ते सर्वांत बोलके स्थळ झाले. दोन महिन्यांनी त्यांनी ते अकराही खळगे बुजवले. कारण एकच : अमुक ठाण्यापुढे जूनमध्ये असे खळगे दिसत होते, याला प्रमाण नाही. सुरुंग नेले याला आहे. खळगे राहिले याला नाही. त्या वाऱ्यात, त्या धुळीत ते काही आठवड्यांतच सपाट झाले असणेही तितकेच संभवते.

हा निर्णय कठोर वाटतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो प्रथम पटतही नाही. घडले ते इतिहास सांगतो आणि घडू शकेल ते काव्य सांगते, हे अ‍ॅरिस्टॉटलने केलेले वर्गीकरण येथे हाताशी आहे. त्याच्या आधाराने अकरा खळग्यांना सहज अभय देता आले असते. ऐतिहासिक कादंबरीकाराने ते निःसंशय ठेवले असते, आणि त्यावर एक प्रकरणही लिहिले असते. परंतु डायोरामा ही कादंबरी नाही. तिच्यात ‘बहुधा’ म्हणता येत नाही, ‘कदाचित’ म्हणता येत नाही. भाषेला अव्यये आहेत, संकेतार्थ आहे. प्लास्टरला फक्त निश्चयार्थ आहे. जे ठेवले ते ‘होते’ असेच बोलते. संशयाला व्याकरण नसलेल्या माध्यमात काम करणाऱ्याने अधिक सावध असणे साहजिक आहे.

तरीही खंदकात एक माणूस आला. पेटीतल्या मूर्तींविषयी येथे सांगायला हवे. टामियाच्या पेट्यांत आफ्रिका कोअरचे जर्मन पायदळ मिळते, ब्रिटिश आठव्या सैन्याचे ‘डेझर्ट रॅट्स’ मिळतात. हाफपँट, खाकी ड्रिलचा सदरा, पसरट कडेचे लोखंडी शिरस्त्राण, लांब लीएनफील्ड रायफल, जी या प्रमाणात सव्वातीन सेंटिमीटरांची होते. हे सगळे हिंदी शिपायालाही चालते. चालत नाही तो चेहरा. त्या पेटीतला एकही चेहरा साताऱ्या-कोल्हापूरकडचा नाही. पाऊण सेंटिमीटरच्या चेहऱ्यात वंश कसला दिसणार, असे वाटते, पण दिसतो. कातडीचा रंग बदलून भागत नाही. गालाचे हाड, हनुवटी, मिशीची ठेवण, सगळे पुटीने नव्याने बसवावे लागते. चित्रकला-शिक्षकांनी सहा चेहरे केले आणि त्यांतले चार ठेवले. बापूंचा चेहरा कोणालाही दिला नाही. घरात बापूंचा एक फोटो आहे, तो साठीनंतरचा. त्यावरून चोवीस वर्षांचा शिपाई काढणे त्यांना जमले असते. त्यांनी ते केले नाही.

क्षण निवडला तो १९ जूनच्या संध्याकाळचा. हल्ला अजून व्हायचा आहे. एकजण चरात बसून मशीनगनच्या नळीतली धूळ पुसतो आहे. एकजण गोल खड्ड्याच्या काठावर बूट काढून झटकतो आहे. एक उभा राहून आग्नेयेकडे पाहतो आहे. त्याचा चेहरा पाहणाऱ्याला दिसत नाही. आणि चौथा खंदकात उतरून फावड्याने वाळू बाहेर टाकतो आहे.

या चौथ्याला तरी प्रमाण आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या संध्याकाळी त्या ठाण्यासमोर कोणी वाळू उपसत होता अशी नोंद डायोरामापुढे ठेवलेल्या कागदांत नाही. खळगे बुजवणाऱ्याने फावडेवाला कसा ठेवला? चित्रकला-शिक्षकांचे म्हणणे असे, की खळगा जमिनीविषयी विधान करतो आणि जमिनीला खोटे बोलवू नये. पायदळाचा शिपाई मात्र जेथे जाईल तेथे खणतो, त्याला पुरावा कशाला? हा भेद तर्काच्या कसोटीवर पुरता टिकेल असे वाटत नाही. मूर्तीसुद्धा ‘होता’ असेच बोलते. परंतु त्यात एक समंजसपणा आहे. खळगे पाहणाऱ्याला निष्कर्ष देत होते. फावडेवाला निष्कर्ष देत नाही. त्याच्या फावड्यावरची चिमूटभर रांगोळी आणि मागे पसरलेला भरला खंदक यांचे प्रमाण तेवढे डोळ्यांपुढे ठेवतो. येथे ‘प्रमाण’ शब्दाची दोन्ही घरे क्षणभर एक होतात. आणि पाहणारा न सांगता गणित करू लागतो.

काही गोष्टी मात्र या माध्यमाच्या आवाक्यातच येत नाहीत आणि त्या आणण्याचा अट्टाहास हास्यास्पद होतो. कापसाचा धूर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. माशा, तहान, डिझेलचा वास, दिवसभराच्या उन्हानंतर अंगावर येणारा गारठा, यांतले काहीच पाच सेंटिमीटरांच्या माणसांना होत नाही. मृत्यूही नाही. या बाबतीत अल् अलामीन येथील युद्धस्मशानाच्या आवारातले स्मारक अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. इजिप्त आणि लिबियात ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला, अशा सहाशेहून अधिक सैनिकांची नावे तेथे आहेत. तेथे आकार नाही, दृश्य नाही, नुसती नावे.

डायोरामा पुरा झाल्यावर तो पाहायला बापूंची मुलगी आली. नात्याने ती चित्रकला-शिक्षकांची आत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, शिक्षण चौथीपर्यंत, आयुष्य शेतात गेलेले. टेबलाजवळ खुर्ची ओढून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, “ह्यातला आमचा बापू कंचा रं?”

“आत्या, यातला कुणीच बापू नाही.”

“मग ही कोण माणसं?”

“त्यांच्याच पलटणीतली.”

हे तिला पटले की नाही ते कळले नाही. ती पुन्हा वाकून पाहू लागली. चष्मा कपाळावर चढवला, डोके फळीच्या अगदी जवळ नेले. खंदकातल्या माणसाकडे तिचे लक्ष गेले असावे, कारण ती म्हणाली, “वाळू उपसतोय न्हवं ह्यो? मग ह्यांचं पाणी कुठं ठिवलंय?”

पाणी ठेवलेले नव्हते. शिपायांच्या कमरेला तोट्या-बुचांसकट अचूक बाटल्या होत्या. पट्ट्यांच्या बकला १९३७ च्या नमुन्याच्या होत्या. परंतु ठाण्याला दिवसभर पुरेल असे पाण्याचे भांडे कोठेच नव्हते. आठव्या सैन्यात पाणी आणि पेट्रोल वाहायला चार गॅलनचे पत्र्याचे चौकोनी डबे असत. पत्रा पातळ, सांधे गळके. ब्रिटिश सैनिकांनी त्या डब्यांना पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. हा डबा महाराष्ट्रातल्या खेड्यांना अनोळखी नाही. रॉकेल आणि गोडेतेल त्याच मापाच्या डब्यातून येई. रिकामा झाल्यावर त्याला लाकडी दांडी ठोकून विहिरीवरून पाणी आणले जाई, आणि पुढे पत्रा कापून कुडाला ठिगळ म्हणून लावला जाई. आत्याला डबा कसा असतो ते विचारावे लागले नाही. तिने हाताने उंची दाखवली.

एकास पस्तीस या प्रमाणात तो डबा एक सेंटिमीटर उंच आणि पाऊण सेंटिमीटरहून थोडा कमी रुंद होतो. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून पत्रा कापून, ब्लेडच्या पाठीने घड्या पाडून चित्रकला-शिक्षकांनी असे तीन डबे केले. दोन चराच्या सावलीच्या बाजूला ठेवले. तिसरा खंदकाच्या काठावर, फावडेवाल्याच्या हाताला येईल इतक्या अंतरावर ठेवला, आणि त्याच्या खालच्या धुळीत, सांधा गळत असल्याची खूण म्हणून, ओल्या रंगाचा एक लहानसा डाग दिला.